मानाची गार खुर्ची

॥ श्री ॥
अंबड, नाशिक
तिसरा श्रावण सोमवार, २००५

रा. रा. देवरामअण्णा यांस,

गोटीरामचा कमरेत वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण पोट मध्ये येतं.) तब्येत आता कशी आहे? जिना चढताना दम लागतो का, जेवण जातं का, साखर कुठवर आली, सगळं कळवा. सिन्नरकडे पाऊस कसा आहे तेही लिहा. इकडे सगळे खुशाल. आज उपास आहे, साबुदाणा छातीवर बसलाय, म्हणून मशिनवर न जाता लिहायला बसलो.

अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही म्हणाल, मरणाच्या दारात खुर्ची टाकून दिली आणि वर उपकार कसले. टाकून दिली हे खरं. पण पुढचं ऐका.

मी घोटीच्या भाताच्या गिरणीत पोती वाहिलेला माणूस. अशा माणसाचा द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट बनवायचा कारखाना झाला, हे व्याह्यांनी डोळ्यांनी बघावं अशी फार हौस. म्हणून आमचा राज आणि तुमची भाग्यश्री यांचा साखरपुडा भर वैशाखात, चांगला हॉल सोडून, कारखान्याच्या आवारात केला. तिथे आमचा कूलिंग टॉवर. मशिनचे साचे तापतात, त्यांच्यातून फिरून आलेलं कोमट पाणी या टॉवरमध्ये वरून खाली पडतं, पंखा त्याला गार करतो आणि बारीक तुषार बाहेर उडतात. उन्हाळ्यात आमची माणसं त्या तुषारांत बसून डबे खातात. लहानू ऑपरेटर तर त्या जागेला महाबळेश्वर म्हणतो. मानाच्या पाहुण्याला याहून चांगली जागा कुठली? "अण्णा, अजून जरा अलीकडे सरका, इथे जास्त गार लागतं," म्हणत मीच तुम्हाला दोनदा सरकवलं. तुम्ही भिडस्त, सरकलात. (माझा पाहुणचार नेहमी असाच अंगावर येतो, असं घरात म्हणतात.)

आठवडा उलटला नाही तोच तुम्हाला ताप, खोकला, धाप. ज्येष्ठातलं लग्न राहिलं आणि तुम्ही नाशकात दवाखान्यात. पहिला आळ आला तो आमच्या सौ. नवसाबाईच्या आमरसावर. आख्ख्या मांडवानं वाट्या चाटून खाल्ल्या, कोणाला ढेकरापलीकडे काही झालं नाही, पण ऐकतो कोण? घरी बिचारीनं आंब्याकडे बघणं सोडलं. दुसरा आळ त्याहून वाईट, तो मी माझ्या कानांनी ऐकला. माझे कान तुम्हाला ठाऊक नाहीत. साच्यात प्लास्टिक कमी पडलं तर मी ऑफिसात बसून आवाजावरून सांगतो. दवाखान्यातला पडदा म्हणजे काय! मी शहाळं घेऊन बाहेर उभा, आणि आत तुमच्या थोरल्या भगिनी अक्काबाई सांगतायत, "देवराम, अजून ऐक, मोड हे लगीन. अंगठी घातली नाय तोच बाप खाटंला लागला. पोराचा पायगुण हाय हा."

मी शहाळं बगलेत मारलं आणि विचारात पडलो. आता पोराला काय सांगू, आणि तुमच्या पोरीकडे कुठल्या तोंडानं बघू? तेवढ्यात ऑक्सिजनच्या नळीआडून तुमचा आवाज आला, "अक्के, माणसं वाईट नाहीत. खुर्ची वाईट होती."

अण्णा, त्या वाक्यासाठी हे पत्र आहे. दुसरा बाप असता तर अंगठी टपालानं परत आली असती. काय खाल्लं, काय प्यायलात, हे तुम्हाला सगळ्यांनी विचारलं होतं; बसला कुठे होतात, हे फक्त दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी, त्याच सकाळी विचारलं होतं, आणि तुम्ही तापातसुद्धा नीट आठवून सांगितलं. मग नमुना तपासायला मुंबईला गेला, औषध बदललं आणि ताप उतरला. बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं: हा लिजिओनेला नावाचा जंतू, कोमट पाण्यात वाढतो, तुषारांबरोबर छातीत जातो, आणि साखरेच्या माणसाला, विडीच्या छातीला आधी धरतो. खाण्यातून नाही, माणसाकडून माणसाला नाही. म्हणजे आमरस निर्दोष, आणि पायगुणही निर्दोष!

टॉवरच्या पाण्यात तोच जंतू निघाला. आत उतरून बघितलं तर भिंतींवर बोटभर बुळबुळीत साय. का नसावी? खंडेनवमीला आम्ही मशिनची पूजा करतो, आणि टॉवर म्हणजे कारखान्याची गंगा, म्हणून नवसाबाई दर वर्षी टाकीत पंचामृत ओतते. साखरपुड्याच्या सकाळीही ओतलं. पाहुण्यांच्या आधी जंतूंचं जेवण झालं होतं. शिवाय मी गप्पी मासे सोडलेले. मासे मजेत म्हणजे पाणी चांगलं, हे माझं शास्त्र. तुमची भाग्यश्री पाणी तपासायच्या लॅबमध्ये कामाला, ती हसून म्हणाली, "मामा, जिथे मासा मजेत, तिथे जंतूही मजेत." आता टाकी घासली, औषधाचा डोस सुरू केला, तुषार अडवायच्या जाळ्या बसवल्या, मासे घरच्या हौदात, पंचामृत माणसांच्या पोटात. महाबळेश्वर बंद. लहानूनं सुतक पाळल्यासारखं तोंड केलंय, पण डबा आता शेडमध्ये खातो. तुम्ही आजारी पडला नसता तर पुढच्या उन्हाळ्यात त्याचीच पाळी होती, त्याची छाती आधीच विड्यांनी भरलेली. तुमच्या एका तापानं माझी सगळी माणसं वाचली, अण्णा. हे मी विसरणार नाही.

वहिनींना नमस्कार. अक्काबाईंना दोन नमस्कार.

तुमचा (व्याही म्हणू का, हे तुमच्या उत्तरावर),
गोटीराम

ता.क. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतात. ज्येष्ठ गेल्यापासून तुम्ही तारखेचा विषय काढला नाही, आणि मी कुठल्या तोंडानं काढू? तरी काढतो. लग्न हॉलमध्ये. तुमची खुर्ची मधोमध, कोरडी. अक्काबाईंना आमरस नाही, बासुंदी.

ता.क. दुसरा. मघाशी लिहायचं राहिलं. भाग्यश्री शनिवारी उशिरा घरी येते आणि "मामांच्या टॉवरचं पाणी अजून तपासावं लागतंय" असं तुम्हाला सांगत असेल. अण्णा, पाणी आषाढातच स्वच्छ ठरलं. तरी ती बाटली घेऊन येते, राज बाटली धरायला जातो, आणि एक बाटली भरायला दोघांना दोन तास लागतात. (उभी राहतात वाऱ्याच्या उलट्या बाजूला, तेवढी अक्कल आहे.) पंपाच्या आवाजात कोणाला काही ऐकू जात नाही, असा त्यांचा समज. आजवर पाण्याविषयी एक शब्द माझ्या कानी आला नाही. परवा तर स्वयंपाकघराला रंग कुठला द्यायचा, यावर भांडण चाललं होतं. तेव्हा तारीख लवकर काढा. बाटल्या भरून भरून माझा टॉवर कोरडा पडायची वेळ आली आहे.