ताईच्या गावची तारीख

४ फेब्रुवारी
तिसरा दावा! आमच्या इमारतीची लिफ्ट कोसळली, चौथ्या मजल्यावरचे काका गेले. लिफ्ट जुनीच होती, रंग मारून नवी म्हणून बसवली, हे मी साप्ताहिकात लिहिलं — एवढाच माझा गुन्हा. बिल्डरशेठने बदनामीचा पहिला दावा इथे लावला, दुसरा भलत्याच शहरात, आणि आता थेट ताईच्या गावी. रात्रभराचा प्रवास. शेठचं तिथे ना घर ना ऑफिस. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "तिथे कुणी तुमचा लेख वाचला असला, की तिथे दावा लावायला पुरतं त्यांना."

माफी लिहून द्या, सगळे दावे मागे घेतो, असा शेठचा निरोप आहे. म्हणजे लिफ्ट नवीनच होती असं मी लिहायचं. त्याच्या पुढच्या इमारतींतही तसल्याच लिफ्ट बसतायत. नाही लिहिणार, जा.

१० फेब्रुवारी
संपादकांनी माफी छापली. पहिल्या पानावर, चौकटीत. मला आधी फोनसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी
ताईच्या गावी. तारीख पुढे गेली — शेठच्या वकिलाचं पोट बिघडलं. मागच्या शहरातही त्याचं पोटच बिघडलं होतं. काय खातो कोण जाणे.

ताईकडे उतरले नाही. भाऊजींचं टाइल्सचं दुकान, निम्मा माल आमच्या शहरात शेठच्या साइटवर जातो. फोनवर म्हणाले, "सध्या इकडे नकोच." मागून ताई काही बोलेल म्हणून थांबले. भाऊजींनी फोन ठेवून दिला. लॉजच्या खोलीत दोन पलंग. एकावर मी, एकावर बॅग. ताईचं घर पलीकडच्याच गल्लीत. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, उगाच एक टूथपेस्ट विकत घेतली आणि परत आले.

५ मार्च
माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्यांत एकच बाई उरलीय. बाकीचे कंटाळले, मी सारखी कोर्टात. तिला म्हटलं, क्लच हळू सोडा. म्हणाली, "तुम्हीही आता सोडून द्या हो." मी ओरडले तिच्यावर. तीही यायची नाही बहुतेक.

इमारतीतले लोक जिन्यात दिसले की मोबाइलमध्ये डोकं घालतात. फार एकटं वाटतं. कुणाला सांगू?

१८ मार्च
वकीलबाईंचा फोन. लेख "वाचणारं" तिथलं माणूस कळलं. ताई. लेख वाचून शेठबद्दल मत वाईट झालं, अशी शेठच्या बाजूने साक्ष देणार.

लेख तिला मीच पाठवला होता. कात्रण पाकिटात घालून, हौसेने. लहानपणापासून माझं काहीही असलं की पहिलं ताईला दाखवायचं. म्हणजे शेठला ही वाट मीच करून दिली.

जेवले नाही. माफीचा कागद लिहून पर्समध्ये ठेवलाय. ताईची साक्ष झाली की सही करून मोकळी होते. आता भांडायचं बळ नाही.

२ एप्रिल
ताई साक्षीला उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. शेठच्या वकिलाने विचारलं, लेख वाचून मत बदललं? "बदललं." तो खूश होऊन बसला. मग वकीलबाई उठल्या — का बदललं?

"कारण ते खरं आहे," ताई म्हणाली. "त्या लिफ्टमध्ये बसवायच्या टाइल्स आमच्या दुकानातून गेल्या. टाइल्सचे रंग दाखवायला साइटवर मीच गेले होते. खालचा पत्रा गंजून चाळण झालेला, मी डोळ्यांनी बघितलाय."

भाऊजी तडक उठून बाहेर गेले. मी पर्समधला कागद फाडला.

२ एप्रिल, संध्याकाळ
लॉजच्या दारात ताई. हातात सुटकेस. "घरात घेत नाहीत," एवढंच म्हणाली. मी दुसऱ्या पलंगावरची बॅग उचलून खाली ठेवली.