माहेर समुद्रातून काढलं

तीर्थरूप आईस,
डेहराडूनहून तुझ्या पुनमचा वाकून नमस्कार.

आई, आज मी तुझं माहेर समुद्रातून बाहेर काढलं!

हसू नको. सध्या मी इथल्या ट्रेनिंगमध्ये आपल्याकडच्या विहिरी कॉम्प्युटरच्या नकाशावर मांडून राहिले. आपल्या गावच्या, मुरुडच्या नीट बसल्या, पण इस्लापूरच्या पुढच्या सगळ्या, मामाची धरून, थेट अरबी समुद्रात! सर म्हणाले, "मोजणी चुकली, टाक काढून." मामाची विहीर कशी काढू? माझ्या जन्मानंतर तू तीच पूजलीस.

पृथ्वी गोल, म्हणून सपाट नकाशासाठी तिचे उभे पट्टे पाडतात. प्रत्येकाचं माप वेगळं. पट्ट्याची रेघ नेमकी इस्लापूरजवळ, किनवट तालुक्यातून जाते, अन् मी सगळ्यांना मुरुडचंच माप लावलेलं, म्हणून पलीकडच्या विहिरी एक पट्टा पश्चिमेला सरकून समुद्रात पडल्या. आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरला पलीकडच्या पट्ट्याचं माप दिलं, तशी विहीर मामाच्या मळ्यात हजर! सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. लई भारी वाटलं.

जेवण बरं हाय, फक्त ज्वारीची भाकर मिळत न्हाई. तुझा गुडघा कसा हाय? खरं सांग.

मामा गेल्यापासून तू म्हणतीस, "आता माहेरी कोण हाय माझं?" विहीर हाय, आई. मी आज डोळ्यानं पाहिली. दिवाळीला दोघी जाऊ.

तुझीच,
पुनम