गोंदिया रोडवरचं पाणी

७ एप्रिल

पडली! वर स्कूटी, खाली मी. कोपर सोललं. हे मात्र मागच्या मागं उतरून उभे, आणि पहिलं काय विचारावं? "गाडीले काही झालं नाही ना?" बावन्न वर्षांच्या बाईले गाडी शिकवायची हौस आली यायले! मी कधी मागितली होती स्कूटी? मले मिक्सर पाहिजे होता. दिवाळीले स्वतःची मोटारसायकल विकली — गुडघे दुखतात म्हणे — आणि आता माझ्या मागं लागले. पावसाळ्याआधी तुले गाडी आलीच पाहिजे म्हणतात. काहून, विचारलं तर म्हणे, "माणसानं शिकत राहावं."

८ एप्रिल

आजपासून नवा नियम. मी चालवायचं, हे मागं बसणार, आणि समोर जे जे दिसते ते मी मोठ्यानं बोलत जायचं. "डावीकडं म्हैस. ऑटो येऊन राह्यला. सायकलवर पोट्टं. खड्डा." जरा गप्प झाली की पाठीत बोट टोचतात — "बोल, बोल!" तीस वर्षं लाइनमन होते ना, खांबावर चढणाऱ्या नव्या पोरायलेही असंच शिकवलं म्हणतात. हाताबरोबर तोंड चाललं की ध्यान सुटत नाही. तोंड चालवायचंच असन तर मी पहिल्या नंबरनं पास! चौकातली भाजीवाली मले पाहून हासत होती. तिले वाटलं असन, चैतरामची बायको नवऱ्याले क्रिकेटची कॉमेंट्री ऐकवून राह्यली.

११ एप्रिल

दुपारी गोंदिया रोडवर गेलतो. त्या वेळी ट्रक कमी राहतात. एवढ्या उन्हात कुत्रंही बाहेर नाही, आणि आम्ही दोघं हेल्मेट घालून! धानाच्या बांध्यांमधून सरळ रोड लागला, अन् समोर पाणी. रोडभर! चकचक करून राह्यलं. कोणाचं टँकर फुटलं का काय? मी कचकन ब्रेक मारला. यायचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर ठक्क!

"काहून थांबली?"

"पाणी आहे समोर. घसरन ना गाडी."

"कुठी पाणी? मले तर नाही दिसत."

पुढं गेली तर खरंच नाही! रोड कोरडा ठणठणीत. पाणी त्याच्याही पुढं जाऊन बसलेलं. पुन्हा ब्रेक, पुन्हा ठक्क. घरी आली तोपर्यंत मान आखडली.

१२ एप्रिल

हे फक्त इथंच लिहितो. मले भेव वाटून राह्यलं.

माझी माय शेवटी शेवटी भिंतीवर माणसं पाहे. "तो पाह्य, महागू आला, त्याले बसायले दे." महागू म्हणजे तिचा भाऊ. तो जाऊन दहा वर्षं झालती! आम्ही बहिणी तोंडाले पदर लावून हासायचो. आता मले रोडवर पाणी दिसते आणि मागच्या माणसाले दिसत नाही. याआधी कधी दिसलं नाही हे खरं — पण याआधी मी मोटारसायकलवर मागंच बसली ना. लग्न झाल्यापासून समोर यायची पाठच पाह्यली.

१४ एप्रिल

जयंती. गाडीले सुट्टी. मिरवणुकीत चालून चालून पायाचे तुकडे.

१८ एप्रिल

आता पाणी दिसलं तरी सांगत नाही. म्हैस सांगतो, ट्रक सांगतो, पाणी गिळून टाकतो. हे खूश — "आता जमलं तुले!" काय जमलं? खोटं बोलणं जमलं.

२४ एप्रिल

बाजूची खुशी कढीपत्ता न्यायले आली. अकरावीत सायन्स घेतलं पोट्टीनं. मराठी समजते सगळी, बोलते हिंदीच. मी गोल गोल फिरवून विचारलं, "माझी एक मैत्रीण आहे लामत्याले. तिले उन्हात रोडवर पाणी दिसते. बिचारीचं डोकं…"

"अरे आंटी, वो तो सबको दिखता है!"

सब्बको! मी खालीच बसली. मृगजळ म्हणतात ते हेच म्हणे. घ्या! शाळेत वाक्प्रचार पाठ केलता, मृगजळामागं धावणं. मले वाटे ते वाळवंटातच राहते, उंटवाल्यायले दिसते. बालाघाटात कशाले येईन?

मग पोट्टीनं खेळ दाखवला. स्टीलच्या वाटीत रुपया ठेवला. मले मागं सरकवत नेलं — और पीछे, और पीछे — रुपया वाटीच्या काठाआड लपला तिथं थांबवलं. मग वाटीत हळूहळू पाणी ओतलं. रुपया वर आला! कोणी हात लावला नाही आणि वर आला! पाण्यातून बाहेर निघताना प्रकाश वाकते म्हणे, आणि आपल्या डोळ्याले वाटते तो सरळच आला. रोडचंही तेच. तापलेल्या रोडालगतची हवा पातळ, वरची दाट. त्यातून येता येता प्रकाश वाकते आणि वरचं आभाळ खाली रोडवर सांडलेलं दिसते. "फोटो में भी आता है, आंटी."

फोटोत येते! म्हणजे माझ्या डोक्याचा काहीच संबंध नाही! मी खुशीले कढीपत्त्याचं अर्धं झाड तोडून दिलं. फाटकातून वळून म्हणते, "आपकी सहेली को बोलना, टेंशन न ले." महा लबाड पोट्टी.

२५ एप्रिल

यायले सांगितलं. वाटलं, तोंडात बोट घालतीन. तर म्हणतात, "मले माहीत आहे ना! जिंदगी गेली रोडवर. तुझी मजा घेत होतो."

दोन हप्ते!! मी इकडं मायची भिंत आठवून आठवून झुरून राह्यली, आणि यायची मजा चालली! कारल्याची भाजी केली, तिखट दुप्पट. मुकाट्यानं जेवले. वर म्हणतात, शुगरवाल्याले कारलं चांगलंच. या माणसावर धड रागावताही येत नाही.

२ मे

आता मले जिकडं तिकडं तेच दिसते! बादलीत हात घातला, मनगटापाशी मोडला. काचेच्या गिलासातला चमचा मोडला. हौदात पाह्यलं तर तळ एवढा वर आला की वाटते उतरून झाडू मारावा. अन् मिठाईच्या दुकानातली ती गोल बरणी! पाकातला रसगुल्ला केवढा टम्म! ताटलीत आला की आवळा. मी त्या दुकानदाराशी किती भांडली आजपर्यंत — लहानवाले काहून देता म्हणून. बरणीच लबाड निघाली, तो बिचारा काय करन?

मावळताना सूर्य बुडाशी चेपलेला दिसते तेही यानंच, खुशी म्हणते. यायले गच्चीवर नेलं, दाखवलं. "हौ, चेपला आहे," म्हणाले. सूर्य तोपर्यंत झाडामागं गेलता. मस्करी सुटत नाही यायची!

१२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली. यायले दोनच चमचे दिले तर लहान लेकरासारखं तोंड केलं. तिसरा दिला.

१९ मे

गोंदिया रोडवर गाडी थांबवून पाण्याचा फोटो काढला. आलं ना फोटोत! रोडभर पाणी आणि त्यात ट्रकची उलटी सावलीही! घरी आल्या आल्या यायच्या हातात मोबाइल दिला.

"पाहा, आलं का नाही पाणी?"

यायनं मोबाइल दूर धरला. मग जवळ धरला. "हौ वो! केवढं पाणी! चकाकून राह्यलं."

मोबाइल परत घेतला तर त्याच्यावर पापड. तांदळाचे पापड, गच्चीत चादरीवर वाळत टाकलेले. आमचा पोरगा कुशल रायपूरले राहते ना, त्याले पाठवायले काढलता तो फोटो. देता देता बोटानं सरकलं असन. मी पोट धरून हासली. "पापडाले पाणी म्हणता!" हेही हासले. म्हणाले, "पुन्हा घेतली तुझी मजा."

२० मे

पापड गोल आहेत. पांढरे. लाल चादरीवर ओळीनं मांडलेले. त्याले पाणी कसं म्हणन माणूस?

२१ मे

चहा दिला तर कप धरायच्या आधी यायनं बशीचा काठ बोटानं चाचपला. असं कधीपासून करतात? मी पाह्यलंच नाही. दिवसभर लोकायच्या बरण्या आणि बादल्या पाहून राह्यली.

२३ मे

गोंदिया रोडवर आज चिटपाखरू नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "समोर म्हैस. रोडाच्या मधातच उभी आहे."

"हॉर्न दे," मागून आवाज आला. "नाही सरकली तर थांब."

मी हॉर्न दिला. समोर रिकामा रोड, आणि दूर पाणी चमकून राह्यलं. "सरकली," मी म्हटलं.

"हं. चाल."

तिथून घरापर्यंत मी सगळं बोलत आली. प्रत्येक ऑटो, प्रत्येक माणूस, कोणाच्या अंगावर कोणत्या रंगाचा शर्ट, आंब्याची गाडी कुठी लागली, सगळं. यायनं एकदाही पाठीत बोट टोचलं नाही. हेल्मेटात रडलं तर मागच्याले समजत नाही, हे एक बरं आहे.

२८ मे

लाइसेंसची ट्रायल पास झाली. घरी येऊन विचारलंच. दिवाळीच्या आधीच डॉक्टरनं सांगितलं होतं — शुगरनं डोळ्यांचे पडदे गेले, राह्यलंसाह्यलंही हळूहळू जाईन. "तुले गाडी आली की सांगणारच होतो," म्हणाले.

मी म्हटलं, मले गाडी येतच नाही.