अप्पांची मिशी आणि माझे स्फटिक

३ फेब्रुवारी
पुन्हा काटेच! दोन वर्षं झाली, माझं प्रोटीन थेंबात गोठतं ते असं — झाडूच्या हिरांसारखे बारीक काटे, एकमेकांत गुंतलेले, प्रत्येकाचं तोंड भलतीकडे. मला हवाय एक जाड, सरळ स्फटिक, ज्यातून क्ष-किरण नीट पार जातील. क्ष-किरणांच्या मोठ्या मशीनवर आमचा दिवस २८ मार्च. तोवर नाही जमलं तर लॅबच्या प्रमुख मॅडम हे काम बंद करणार आणि मला घरी बसवणार. स्पष्टच सांगितलंय.

४ फेब्रुवारी
सासऱ्यांनी — अप्पांनी — नाश्त्याला निकाल दिला. "दोन वर्षं थेंबाकडे बघत बसलीयस. त्यात काही धड उगवलं तर मिशी उतरवीन." वर मिशीला पीळ. सत्तराव्या वर्षी काळीकुळकुळीत! घराण्यात कुणाचा केस पिकत नाही म्हणे. नवरा कपात तोंड लपवून हसला.

१२ फेब्रुवारी
एका थेंबात चक्क केस. मॅडमनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली आणि चिमट्याने केस ओढून काढला. पण त्याआधी मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं — केसावर स्फटिक ओळीने बसलेले. जाड, सुटे, सगळ्यांची तोंडं एकीकडे! ओढताना सगळे तुटले. रडूच आलं मला.
गंमत म्हणजे केस चांगला राठ, अर्धा पांढरा, अर्धा काळा. स्फटिक फक्त पांढऱ्या भागावर.

१९ फेब्रुवारी
माझा केस, नवऱ्याचा केस, ब्रशचा केस — सगळे बुडवून झाले. काही नाही. इतका राठ केस आहे तरी कुणाचा?

२० फेब्रुवारी
अप्पा माझा लॅबचा कोट इस्त्री करत होते. रोजच करतात. कॉलरवर वाकलेले, मिशी जवळजवळ टेकलेली. माझी ट्यूब पेटली.
रंगवतात!!

२१ फेब्रुवारी
सासऱ्यांकडे मिशीचा केस मागायचा कसा? चिमटा घेऊन बेसिनखाली शिरले. तेवढ्यात अप्पाच हजर. काय शोधतेस म्हणाले. कानातलं, म्हटलं. बिचारे गुडघे धरत खाली बसले, तासभर शोधत होते. कानातलं माझ्या कानातच होतं.
केस तीन मिळाले. तिन्ही कातरलेली टोकं, काळी. रंगावर काही धरतच नाही.

२६ फेब्रुवारी
सांगून टाकलं. घरात दोघंच होतो. मशीनची तारीख, माझी नोकरी, पांढरा केस — सगळं. अप्पा उठले. चपला घालून बाहेर पडले. कोट तसाच चुरगळलेला. कुठून तोंड उघडलं मी!

९ मार्च
अबोला चालूच. घरातही तोंडावर मफलर. दात दुखतो म्हणे. संध्याकाळचा बुद्धिबळाचा अड्डाही बंद केलाय. मला अन्न गोड लागत नाही.

१७ मार्च
सकाळी कोट दाराला टांगलेला. कडक इस्त्री. खिशात औषधाची जुनी डबी, डबीत केस — मफलरआड रंग न लावता वाढवलेले, पांढरेशुभ्र, टोकांचा काळा भाग नीट कापून टाकलेला.
अप्पा पेपर वाचत होते. वरचा ओठ कोरा. क्षणभर ओळखूच आले नाहीत.
"अप्पा, अजून काही उगवलेलं नाही," मी म्हटलं.
"उगवणारच आहे," ते पेपरमागून म्हणाले. "म्हणून आधीच उतरवली."