दादाच्या पाठीचा डाग

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानेच घातलाय, तू आडवा समजून घे.) तुझी साखर काय म्हणते, वहिनीचा खांदा कसा आहे, सगळं कळव. आम्ही बरे. तू निवृत्त होऊन गेलास तो इकडे फिरकला नाहीस, फोनवर नुसतं हूं हूं करतोस, म्हणून कागदावर लिहिते. कागदाला मध्येच ठेवून देता येत नाही.

बातमी अशी की धावपट्टीकडचा आपला जुना हँगर, जिथे तू जन्मभर विमानं दुरुस्त केलीस तो, पाडणार आहेत, आणि त्याच्या शेजारची माझी चहाची खिडकीही. मला पलीकडे काचेची नवी खोली देतायत, तेव्हा रडायचं कारण नाही आणि मी रडतही नाहीये. पण सून ऐकेना. तिचं काम तुला ठाऊक नसेल. लोक घरात बसून कॉम्प्युटरवर विमान उडवतात (खोटंच, पण पडलं की खऱ्यासारखे हळहळतात), त्यांना खाली दिसायला इमारती लागतात, त्या ही बनवते. म्हणाली, पाडायच्या आत आपला अख्खा विमानतळ मी त्यात उभा करते. मला वाटलं, पोरखेळ.

मग तिने दाखवलं. आधी नुसती पांढरी खोकी, काडेपेट्या मांडल्यासारखी. मग एकेका खोक्यावर ती फोटो चढवत गेली, वहीला कव्हर घालतात तसे कोपरे दुमडून. आणि फोटो तरी कसले! उन्हात काढायचे नाहीत, कारण सावली फोटोत अडकून बसते आणि मग त्या खोट्या जगात रात्रीसुद्धा भिंतीवर दुपारची सावली. भिंतीच्या अगदी समोर उभं राहून काढायचे, तिरके नाहीत. मग त्यातली वायर पूस, कुत्रं पूस, वाकडं दार सरळ कर. एका पत्र्याच्या दारावर बाईने अख्खी सकाळ घातली. मी म्हटलं, "अगं, एवढ्या वरून कोण बघतंय?" तर म्हणे, "आई, उतरताना बघतात."

आणि दादा, मलाच उतरवलं की रे तिने! खुर्चीत बसवलं आणि विमान खाली आणलं. हँगरचं गंजकं छप्पर, इंधनाच्या गाडीने मागे येताना चेपवलेलं शटर, माझ्या स्टोव्हने काळी झालेली खिडकीची चौकट, सगळं जसंच्या तसं अंगावर येत गेलं. मी टेबल घट्ट धरलं आणि पाय वर घेतले. जन्मभर मी या विमानांकडे खालून बघितलं, हातात किटली घेऊन. वरून आपण असे दिसतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "जरा खिडकीशी ने गं, दूध स्टोव्हवर राहिलंय का बघते," असं मी खरंच म्हणाले. गेलं तोंडातून. सून हसली नाही. तिने नेलं.

फक्त हँगरची चहाकडची भिंत कोरी होती. तिच्यावर ऊन येतं, म्हणून सून ढगाची वाट बघत होती. आता यात माझं काय चुकलं ते तूच सांग. भिंतीचा फोटो निघणार, तो कायमचा राहणार, तर माणूस आधी काय करतो? आवरतो. सून आभाळाकडे बघत बसली होती तेवढ्यात मी भिंत खसाखसा घासली आणि वर चुन्याचे दोन हात दिले. ती कॅमेरा घेऊन आली आणि मटकन खालीच बसली. म्हणाली, "आई, मामांचा डाग कुठे गेला?"

तुझ्या पाठीचा. ऑइलने माखलेला तो डगला घालून तू रोज तिथेच टेकून चहा प्यायचास आणि रोज मी ओरडायचे, तो. वर रुंद, खाली निमुळता, डावा खांदा जरा उतरता. तिला म्हणे तोच हवा होता, त्याच्यावरूनच ती भिंत ओळखू येते. मी म्हटलं, मग काढ तुझ्या हाताने. काढला. बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता. घरातले सगळे जुने फोटो उपसले, तर प्रत्येक फोटोत त्या डागासमोर तूच उभा! शेवटी तिने तात्पुरती कोरी भिंतच लावलीय. काल पुन्हा उतरले तिथे. सगळं जिथल्या तिथे, आणि ती भिंत दवाखान्यासारखी. बघवेना.

तू गेलास त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जाताना तो डागही घेऊन जा." ते बरोबरच म्हणाले होते. डाग घाणच होता. तू तोंड एवढंसं करून निघून गेलास, तो तुझा स्वभाव. आता उगाच यायची तसदी घेऊ नकोस, प्रवास लांबचा आहे. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. वहिनीने तो डगला अजून धुतला नसेल तर धुऊ देऊ नकोस. धुतला असेल तरी आण. इथल्या मेकॅनिकांकडून डबाभर जुनं ऑइल मागून ठेवलंय, पाठीला मीच चोळीन.

पुन्हा ता. क. हँगर पुढच्या महिन्यात पाडतायत आणि एका चहात तसा डाग पडत नाही, असं सून म्हणते. म्हणजे राहायच्याच तयारीने ये. आभाळ हल्ली रोज भरून येतंय. भिंतीला मी कुणाला हात लावू देत नाही. टेक, चहा पी, मी ओरडणार नाही. (एकदा ओरडेन. नाहीतर तू नीट टेकणार नाहीस.)