बिनहळदीचं स्वयंपाकघर

आर. के. पुरम, नवी दिल्ली
८ फेब्रुवारी २०१५

प्रिय कुमुद,

अनेक आशीर्वाद. इथली थंडी ओसरतेय, मुलं मजेत आहेत.

आधी आनंदाची बातमी. तुझ्या थोरल्या दिरांचा रिपोर्ट आला. रक्ततपासणीतला आकडा वाढलेला तर नाहीच, उलट किंचित उतरलाय! प्रोस्टेटचा कॅन्सर कळल्यावर गप्प झालेला हा माणूस आता बसस्टॉपवर अनोळखी लोकांना थांबवून हळदीवर व्याख्यान देतो. आणि का देऊ नये? आपल्या फोडणीतल्या हळदीचा अर्क काढून इथले मोठे डॉक्टर तो कॅन्सरवर तपासून बघताहेत, आणि त्यात आपल्या घरचा माणूस. शेजारणींसमोर मिरवल्याशिवाय मलाही राहवत नाही.

नियम मात्र कडक. निम्म्या पेशंटना अर्काच्या कॅप्सूल, निम्म्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. शिवाय जेवणात हळद बंद. आमचं वरण पांढरं, आणि कांदेपोहे तर आजारी माणसासारखे दिसतात. परवा कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या सदनात जेवायला गेलो, तर हे नुसता दहीभात खाऊन उठले.

गेल्या रविवारी हे भावोजींना फोनवर सांगत होते, "अच्छा, ऐक भाऊ, मला बिल्कुल फरक पडलाय. तुझं ऑपरेशन कॅन्सल कर. चलो, दिल्लीला ये, तुझंही नाव घालतो." भावोजी म्हणाले, "येतो." मी शेजारीच बसले होते. म्हणून हे पत्र. आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो, त्यावर हे बोलता येत नाही.

कुमुद, काल दुपारी हे बाहेर गेल्यावर मी एक कॅप्सूल फोडली. माझा उत्साह दांडगा, म्हटलं बघू तरी कसली हळद आहे. आत पिवळीधमक पूड. पाण्यात कालवून तिच्यावर चिमूटभर चुना घातला. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते, हे तुला सांगायला नको. ही पिवळीच राहिली. दुसरी फोडली, तीही पिवळीच. शेवटी शेजारच्या नायरबाईंकडून हळद मागून आणली, ती मात्र लगेच लाल झाली. मी घाबरले गं.

आमच्या वाट्याला औषध आलेलंच नाही. यांची गाठ मुळातच सुस्त, म्हणून डॉक्टर नुसती नजर ठेवून आहेत. रिपोर्ट चांगला आला तो गाठीच्या त्या सुस्तपणामुळे. भावोजींची गाठ तशी नाही. थांबू नका, असं सर्जनने तुम्हाला बजावलंय.

अर्कावरचा माझा विश्वास उडालेला नाही. ज्यांना तो मिळतोय त्यांचं काय निघतं, हे कळायची मला अजून तितकीच घाई आहे. ते कळायला बिनऔषधाच्या कॅप्सूल खाणारेही लागतातच, आणि हे ते काम मोठ्या निष्ठेने करताहेत. दोन कॅप्सूल फोडल्याचं मी डॉक्टरांना सांगून बोलणी खाईन. यांना काही सांगणार नाही. किती महिन्यांनी हे गुणगुणत दाढी करायला लागलेत.

पण यांच्या आनंदापायी मला भावोजींना गमवायचं नाही. हे पत्र त्यांना वाचायला दे. फोनवर त्यांनी यांच्या कॅप्सूलची हवी तेवढी तारीफ करावी, पण ठरल्या दिवशी त्यांना ऑपरेशनला नेच.

मी यांना घेऊन तुमच्याकडे साताऱ्याला येतेय. यांच्यासमोर हसत राहणं आता एकटीला जड जातंय.

तुझी थोरली जाऊ,
हेमलता