कंसासकट निबंध

ती. ताईस,

‘भाषेचा कसला आलाय अभ्यास, आदल्या दिवशी वाचलं तरी होतं’ हे वाक्य तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत ऐकूनही कोणाच्या डोक्यात डस्टर न घातलेल्या माझ्या सहनशील बहिणीस, ते वाक्य ऐकून दर वेळी पेटणाऱ्या भोंग्याचा नमस्कार. (हे नाव तूच ठेवलंस. आता लेकही मस्करीत त्याच नावाने हाक मारते. तुझी भावजय मारत नाही, ती नुसती खिडक्या लावून घेते.) गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरत जा. इकडे सगळे ठीक. माझा घसा बसला आहे, पण तो बसल्यापासून घरातल्या बाकीच्यांची तब्येत सुधारली आहे.

लेकीला नववीनंतर शाळेतून काढलं ते गाईडमुळे, हे तुला ठाऊक आहे. वर्गातल्या चाळीस मुलांनी ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ लिहिला आणि चाळीसही जणांची गाडी एकाच वळणावर पंक्चर झाली! पालकसभेत मी पाऊण तास बोललो. उसना निबंध लिहिणारं मूल पुढे उसनं मत बाळगतं आणि उसन्या मतावर देश चालत नाही, असं ठणकावलं. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा घड्याळाच्या गुलामीवरही दोन वाक्यं बोललो. मग घरीच शाळा उघडली. गणित-विज्ञान तुझ्या भावजयीकडे (दिवसभर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि संध्याकाळी लेकीची भूमिती), साहित्य आणि लेखन माझ्याकडे.

आता अभ्यासक्रम निवडायचा. पहिला आणला, त्यात प्रत्येक कवितेखाली ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ (बिचाऱ्याने वरच म्हटलंय की!) दुसरा एकदम आधुनिक. त्यात प्रश्नच नाहीत. धडा वाचायचा आणि हसरा, रडका किंवा गंभीर यांपैकी एका चेहऱ्यावर खूण करायची. सोळा वर्षांच्या मुलीने त्यात स्वतःच्या हाताने चौथा चेहरा काढला, जांभई देणारा. शेवटी मीच बाह्या सरसावल्या. चौसष्ट ग्रंथांची यादी केली, अगदी प्राचीन गद्यापासून, क्रमाने. हिशेब केला तर चालू शतकात पोचेपर्यंत ती सव्वीस वर्षांची होत होती. तुझ्या भावजयीने यादी वाचली आणि म्हणाली, “अहो, आमच्या तक्त्यावर मोठी अक्षरं वर असतात आणि बारीक खाली. तुम्ही पोरीला खालच्या ओळीपासून वाचायला बसवलंय. आणि वर विचारताय, दिसत का नाही?” मी त्यावर बोलणार होतो, पण ती खिडकी लावायला उठली.

तरी मी डगमगलो नाही. पहिला निबंध दिला: ‘स्वतःचे शब्द’. आठ दिवसांनी तिने सहा पानं हातात ठेवली. ताई, काय सांगू! एकेक वाक्य कसं घणासारखं. कुबड्या फेकून देण्याचं आवाहन, तरुण पिढीला साद, मधेच कोपरखळी. वाचताना डोळे भरून आले. रक्तातच आहे, म्हटलं. आणि चौथ्या पानाच्या तळाशी आलो. तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘(येथे टाळ्या. न आल्यास पाणी पिणे.)’

पालकसभेतलं माझंच भाषण! खणातल्या कच्च्या कागदावरून उतरवलेलं, कंसासकट. उसन्या निबंधांविरुद्धचं भाषण, उसनं.

“अगं, हे काय?”

“तुम्हीच सांगितलंत ना, उत्तम गद्याचा नमुना समोर ठेवून लिही. आठवडाभर उत्तम गद्य म्हणून काय काय वाचून दाखवलंत, आठवा.”

“पण कंस तरी गाळायचास!”

“कंसातलंच तर मला आवडलं, बाबा. तेवढंच तुम्ही स्वतःशी बोलता.” आणि जाता जाता, “शाळेतलं गाईड बरं होतं. मिटून ठेवता यायचं.”

मी गप्प झालो. (तुझ्या भावजयीच्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं. तिने दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला.) दुसऱ्या दिवशी लेकीने जुन्या शाळेचा प्रवेशअर्ज आणून टेबलावर ठेवला. महिनाअखेरीपर्यंत भरायचा आहे. म्हणून सोबत चौसष्ट ग्रंथांची यादी पाठवतो. त्यातली कोणती ठेवावी, कोणती गाळावी, तुझ्या अनुभवी नजरेने कळव.

तुझा,
भोंगा

ता. क. यादी वाचू नकोस. कागदांच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत, उत्तर लिहायला वापर.

दुसरा ता. क. खरं तेच लिहितो. काल भावजय म्हणाली, “ती लिहिते की. दर पंधरवड्याला, आत्याला. भली आठ-आठ पानं. तुम्हाला लांबचं स्पष्ट दिसतं, जवळचं नाही, हे मी लग्नानंतर लगेच तपासलं होतं.” मी ती पत्रं वाचलेली नाहीत. (एक पाकीट उजेडासमोर धरलं होतं. जाड होतं.)

तिसरा ता. क. हे पत्र टपालात टाकायला लेकीकडे दिलं, तर वाचून परत घेऊन आली. म्हणाली, “पाचवं पान काढा, तिथे तुम्ही सभेत उभे राहिलात.” काढलं. पत्र सुधारलं, हे मान्य करायला मला रात्र लागली. सकाळी तिला विचारलं, काय केलं तर अर्ज भरणार नाहीस? म्हणाली, “आत्या विचारेल त्यावर लिहीन. पण तिने तपासायचं नाही, वाचायचं. आणि तुम्ही वाचायला मागायचं नाही.” कबूल केलं.

तेव्हा ताई, ते लाल पेन खणात टाक, निळं काढ, आणि आजच तिला एक प्रश्न लिहून पाठव, ज्याचं उत्तर माझ्या एकाही भाषणात नाही.